मिटलेली पाटी

१२ नोव्हेंबर

काका,

नेमकं काय झालं ते तुम्ही विचारलंत. मी स्वतः पाहिलं किंवा तपासलं तेवढंच लिहिते.

१. पाच तारखेला सकाळी आमच्या गोदामातून तुमच्या टेम्पोत कीडनाशक गोळ्यांचे डबे चढवले. धान्याच्या कोठारात ठेवतात त्या गोळ्या. डबे पत्र्याचे, हवाबंद. दोरांची बांधणी मी तपासली होती.

२. टेम्पो फाटकातून निघाला तेव्हा मागची धोक्याची पाटी उघडी होती. कवटीचं चित्र, आणि त्याखाली 'पाणी मारू नये'.

३. असा माल बोगद्यातून न्यायला बंदी आहे. घाटाच्या रस्त्याने जायचं असतं. टेम्पो बोगद्यात शिरला. बोगद्याच्या नाक्यावरच्या कॅमेऱ्यात पाटी मिटलेली दिसते. दादा मोटारसायकलवरून पुढे चालला होता.

४. आत मागून आलेल्या मालट्रकने टेम्पोला धडक दिली. ड्रायव्हरमामा नेहमीसारखे सावकाश चालले होते. हौद्याची फळी तुटली, डबे रस्त्यावर पडले, काही फुटले. मामांची छाती स्टिअरिंगवर चेपली, डोकं आपटलं, ते बेशुद्ध झाले.

५. दादा मागे फिरला. स्कूटरवरून चाललेली एक परिचारिका थांबली. दोघांनी मामांना बाहेर काढून एका मोटारीतून दवाखान्यात पाठवलं. मग तिने ट्रकवाल्याच्या हाताला पट्टी बांधली. ट्रकवाला मागच्या गाड्या अडवायला बोगद्याच्या तोंडाकडे निघाला. ती आपली पेटी आवरत तिथेच होती.

६. त्यानंतर दादाने भिंतीवरचा आग विझवायचा पाइप सोडला आणि रस्त्यावर पाणी मारलं. आग लागलेली नव्हती.

७. या गोळ्या कोरड्या राहिल्या तर हळूहळू वायू सोडतात. माणसाला लांब जायला वेळ मिळतो. भरपूर पाणी पडलं की तोच विषारी वायू एकदम सुटतो. बोगद्यात वारा नव्हता. दोघंही तिथेच कोसळली. दादा दवाखान्याच्या वाटेवर गेला, परिचारिका दुसऱ्या दिवशी.

८. मामा वाचले. त्यांच्या खोलीबाहेर पोलीस बसवला आहे. दोन्ही मृत्यूंचा ठपका सध्या त्यांच्या एकट्यावर आहे.

गोदामाची सुरक्षा अधिकारी म्हणून मला चौकशीत अहवाल द्यायचा आहे. तपास करणाऱ्या साहेबांनी मला तुमचा जबाब वाचून दाखवला. तुम्ही म्हटलं आहे की पाटी मामांनी मिटली, बोगद्याचा रस्ता मामांनी निवडला, आणि सकाळी घराबाहेर पडल्यावर दादाशी तुमचं बोलणं झालं नाही.

यातलं पहिलं आणि दुसरं मला पटत नाही. पाटीला बिजागरी बसवून ती पुस्तकासारखी मिटेल अशी कोणी केली, आणि मिटायला कोणी सांगितलं, ते कळवा. लिहूनच कळवा. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते.

तुमची पुतणी

◆

१६ नोव्हेंबर

मोजपट्टीस,

तुझं पत्र मिळालं. एक, दोन, तीन, चार. वाण्याची यादीसुद्धा माणूस यापेक्षा मायेने लिहितो. 'दोघंही तिथेच कोसळली' म्हणे. अगं, त्या दोघांतला एक तुझा दादा होता. तुझा बाप गेला आणि तू आमच्या दारात आलीस, तेव्हा स्वतःची खाट तुला देऊन जो जमिनीवर झोपला, तो. त्याला तू पाचव्या आणि सहाव्या कलमात बसवलंस. शिकलीस हो.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसलोय. शाळा सोडल्यापासून एवढं लिहिलं नाही, अक्षराला हसू नकोस.

आता तुझ्या प्रश्नांचं. पाटी गोगलगायीने मिटली. आपल्या यार्डात त्याला गोगलगाय उगीच नाही म्हणत. त्याला घाट चढायचा कंटाळा. वय झालं, कंबर धरते, बोगदा दिसला की लाळ गळते. मला न विचारता शिरला. धडकसुद्धा त्याच्याच चालीमुळे. बोगद्यात कोणी वरातीसारखं चालतं का? मागचा ट्रकवाला बिचारा काय करणार, उडून जाणार?

आणि पोरगा बघ. शेवटपर्यंत दुसऱ्याची काळजी. 'गोगलगायीला मोटारीत घालून पाठवलंय, तुम्ही घाबरू नका' म्हणाला. ज्याला वाचवलं त्यानेच मारलं. याला म्हणतात करायला गेलो एक.

पेपरात त्याचा फोटो आला तो पाहिलास का? जिवाची पर्वा न करता पाणी मारत राहिला, असं छापलंय. बोगद्याच्या तोंडाशी त्याच्या नावाचा फलक लावायचं चाललंय. तुझी काकू ते कात्रण उशीखाली घेऊन झोपते. झोपते म्हणजे काय, पडते.

परवा ती दवाखान्यात गेली होती. मी नको म्हणालो, ऐकते थोडीच. गोगलगाय नाकात नळी घालून पडलेला, बायको उशाशी. काकू त्याच्या तोंडापाशी वाकून म्हणाली, "तू हा जो श्वास घेतोयस ना, तो माझ्या पोराचा आहे." तो रडायला लागला. नळीमुळे धड रडताही येईना. त्याची बायको काकूच्या पाया पडली. काकूने पाय काढून घेतला.

तू एवढंच कर. अहवालात लिही की दोर ड्रायव्हरने वाटेत सैल केले. आणि पाण्याची ती दोन कलमं काढून टाक. लोकांना वाचवायला मारलं पाणी, गाव म्हणतंय. त्यात तुझं शास्त्र कशाला? आपलेच दात, आपलेच ओठ. झाकली मूठ सवा लाखाची.

काका

◆

२० नोव्हेंबर

काका,

दोर सैल नव्हते. फळी तुटली, दोर तुटले नाहीत. दोन्ही चौकशीच्या ताब्यात आहेत. मी खोटं लिहिलं तर ते कोणीही दोन मिनिटांत दाखवून देईल. पाण्याची कलमं राहतील.

मामांना घाटाचा कंटाळा नाही. गेल्या वर्षी मी या मालाच्या ड्रायव्हरांना शिकवणी दिली तेव्हा ते पहिल्या बाकावर होते. एकदा सांगितलेलं पुन्हा विचारून पक्कं करणारे तेवढेच. त्या दिवशी बाकीचे हसले. एकजण म्हणाला, गोगलगाय परीक्षेला बसली तर निकाल पुढच्या जन्मी लागेल. तेही हसले आणि तिसऱ्यांदा विचारलं. वर्षभरात आमच्या फाटकातून ते जेवढ्या वेळा हा माल घेऊन गेले, तेवढ्या वेळा स्वतःच्या मर्जीने घाटानेच गेले असते. मर्जी त्यांची नव्हती.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. दादा म्हणाला, 'गोगलगायीला मोटारीत घालून पाठवलंय, तुम्ही घाबरू नका.' मामांना मोटारीत घातलं ते अपघातानंतर आणि पाणी मारण्याआधी. म्हणजे त्या मधल्या वेळात तुमचं आणि दादाचं बोलणं झालं. जबाबात तुम्ही सांगितलंत की झालं नाही.

बोगद्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मी पाहिलं आहे. दादा भिंतीला टेकून फोनवर बोलतो. बोलणं थोडं, ऐकणं जास्त. दोनदा मान हलवतो. फोन खिशात ठेवतो, इकडेतिकडे बघतो आणि सरळ पाइपाकडे जातो. परिचारिका त्याला काहीतरी विचारते. तो हाताने तिला थांबा असं खुणावतो.

पोलिसांनी त्याचा फोन तपासलेला नाही. पेपरात फोटो आलेल्या माणसाचा फोन कोणी तपासत नाही.

तुम्ही त्याला काय सांगितलंत?

पुतणी

◆

२७ नोव्हेंबर

मोजपट्टी,

आठवडा घेतला, कारण तुझं पत्र वाचून पहिल्यांदा जे लिहिलं ते फाडलं. दुसऱ्यांदा लिहिलं तेही फाडलं. बापाची पोराच्या मरणावरून उलटतपासणी करणारी पोरगी मी या घरात वाढवली, हे पचायला वेळ लागला.

होय, फोन आला होता. पोलिसांना सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं त्या दिवशी मला माझं नाव नीट सांगता येत नव्हतं. त्याचाही खटला भर.

मी त्याला म्हणालो, पळ. तसाच सगळं टाकून पळ. गाडी गेली खड्ड्यात. दुसरं काही म्हणालो नाही. तो थांबला, कारण त्याचं काळीज तसं होतं. त्या बाईला एकटं टाकून जाववेना. पाणी का मारलं म्हणशील तर मला काय माहीत? सांडलेलं दिसलं, धुऊन काढावंसं वाटलं असेल. कोणालाही वाटेल. त्याला कुठे तुझ्यासारखं शास्त्र येत होतं?

आणि तुझं काय गं? माल तुझ्या गोदामाचा. डबे तुझ्या गोदामाचे. पडल्यावर फुटतात असे डबे तुम्ही रस्त्यावर सोडता आणि मग टेम्पोवाल्याच्या अंगावर पुस्तक फेकता. तुझ्या साहेबांना पत्र लिही ना असं, एक, दोन, तीन करून. तिथे बरी मूग गिळून बसतेस. वडाची साल पिंपळाला लावायची तर ती काकाच्याच पिंपळाला का?

काकू विचारते, ही येत का नाही भेटायला. मी सांगतो, कामात आहे. खरं सांगितलं तर तिला काय वाटेल?

काका

◆

२९ नोव्हेंबर

काका,

डबे उंचावरून टाकून तपासलेले असतात. ट्रक अंगावर चढेल हे धरून नव्हे. ते मी साहेबांना आधीच लिहिलं आहे, तुमच्या सूचनेआधी.

तुम्ही पळ म्हणाला नाहीत.

मी अकरा वर्षांची असताना तुम्ही एका दुपारी दादाला यार्डात उभं केलंत. टायर चोरीला जाऊ नयेत म्हणून. मी येईपर्यंत हलायचं नाही, असं सांगून तुम्ही गेलात आणि विसरलात. दुसऱ्या वाटेने घरी येऊन जेवून झोपलात. ऊन कडक होतं. मी दोनदा त्याला बोलवायला गेले. सावलीत तरी ये म्हटलं. तो म्हणाला, "बाबांनी इथेच म्हटलंय." संध्याकाळी काकूला तो टायरांवर पडलेला सापडला. ओठ फुटले होते. तेव्हा तुम्ही हसून चार लोकांना सांगितलंत की पोरगा हुकमाचा पक्का आहे.

तुम्ही पळ म्हणाला असता तर तो पळाला असता. तुमचं त्याने कधी मोडलं नाही. त्या परिचारिकेसाठी नाही, माझ्यासाठी नाही, स्वतःसाठीही नाही. तो पाइपाकडे गेला, म्हणजे तुम्ही त्याला पाइपाकडे पाठवलंत.

काल मी मामांना भेटले. नळी काढली आहे. चार शब्द बोलले की दम लागतो. बरगड्या घुसलेली फुप्फुसं पूर्वीसारखी होणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. पाटीबद्दल विचारलं तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाले, "मालकांचा एकुलता एक गेला. माझ्यामुळे गेला. सगळं माझ्यावर घेतो." वकील नको म्हणतात. सोमवारी, आठ तारखेला, त्यांना न्यायाधीशांपुढे नेणार आहेत. तिथे ते गुन्हा कबूल करणार आहेत. तुम्ही दोनदा येऊन गेलात आणि मालकांचं मन मोठं आहे, असं त्यांच्या बायकोने मला सांगितलं.

त्या फुप्फुसांनी ते तुरुंगातून परत येणार नाहीत. हे मी डॉक्टरांना विचारून लिहिते आहे.

पाणी मारायच्या आधी फोनवर काय बोलणं झालं, ते मी त्यांना सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं आहे.

पुतणी

◆

२ डिसेंबर

पोरी,

तुझी काकू वरच्या खोलीत आहे. मी खाली यार्डाच्या ऑफिसात दार लावून लिहितोय. वाचून झालं की जाळ.

पाटीची बिजागरी मी करून घेतली. वेल्डिंगवाला आपला नेहमीचा. धोक्याची पाटी दिसली की नाक्यावर अडवतात, कुठे उभं करू देत नाहीत, लोक लांबून शिव्या घालतात. घाटाने एक फेरी व्हायची तिथे बोगद्याने दोन होतात. तूच सांग, कोण घाटाने जाईल? सगळे असंच करतात. मिटलेल्या बाजूला पोरानेच रंगवलं होतं, 'हळू चला, घरी वाट पाहतात.' अक्षर छान होतं त्याचं, तेवढं एकच छान होतं.

पाटी मिटायला पोरगाच जायचा. गोगलगाय हात लावायचा नाही. मालक, पाप माझ्या हाताला नको, म्हणायचा, आणि गाडीत गुपचूप बसून राहायचा. म्हणून मी पोराला मोटारसायकलवर पुढे पाठवायचो. नाक्याअलीकडे थांबायचा, पाटी मिटायचा, आपल्या ओळखीचा माणूस नाक्यावर आहे का बघायचा, आणि मग गोगलगायीला हात करायचा. मालकाच्या पोराने हात केला की नोकर काय करणार?

फोन. त्याचा आवाज कापत होता. डबे फुटलेत म्हणाला. करड्या भुकटीचा सडा पडलाय म्हणाला. मला पहिली आठवली ती पाटी. पोलीस आले, पंचनामा झाला, बोगद्यात हा माल सापडला तर परवाना गेला, गाड्या गेल्या, सगळंच गेलं. मी म्हणालो, "पोलीस यायच्या आत सगळं धुऊन काढ. पाइप असेल बघ भिंतीला." तो म्हणाला, "बाबा, पाणी चालतं ना याला?"

मी म्हणालो, "चालतं. मार."

मला माहीत नव्हतं. पाटीवर लिहिलं होतं, तर मी ती पाटी कधी वाचली नव्हती. मिटायला वाचावी लागत नाही.

आता तुला विचारतो, तू शिकलेली आहेस. मी म्हणालो असतो पळ, तर वाचला असता का? तेवढं पाणी मारण्याआधीच त्याच्या पोटात गेलं असेल ना ते? आधीच काही तरी गेलंच असेल. नीट विचार करून लिही. माझी समजूत घालायला लिहू नकोस, पण लिही.

आणि बाकीचं सोड. गेलेला येत नाही. एक घर जळालं, आता दुसरं कशाला जाळायचं? गोगलगाय स्वतः तयार आहे. मी त्याला जबरदस्ती केली नाही, फक्त त्याच्या उशाशी बसलो. त्याच्या बायकोमुलांना मी कमी पडू देणार नाही. आत गेला तर गेला. त्याला काय, तिथे घाटही नाही आणि बोगदाही नाही, बसून खाईल.

तुझ्या काकूला कळता कामा नये. तिला पोराचं मरण सहन होतंय, कारण तो शूरासारखा मेला असं तिला वाटतं. तो माझं ऐकून मेला हे कळलं तर ती मला काय करेल माहीत नाही. काही करणार नाही, हीच भीती आहे. माझ्यासमोर बसेल आणि बघत राहील.

तुझा काका

◆

३ डिसेंबर

चि. पुतणीस,

तुझे काका तुला पत्रं लिहितात हे मला ठाऊक आहे. टपाल मीच टाकते. पाकीट उघडून बघण्यातली मी नाही.

तू आली नाहीस म्हणून मी रागावले नाही. तुझं तसंच आहे. तुझी आई गेली तेव्हाही तू रडली नाहीस आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या खोलीची फरशी पुसून काढलीस. माणूस आपापल्या परीने दुःख करतं.

एक विचारायचं आहे. दादाचा फोन दवाखान्यातून माझ्याकडे दिला. मी तो रोज चार्जिंगला लावते. वेडेपणा आहे, पण बंद पडला की कसंसंच होतं. काल पहिल्यांदा त्यात बघितलं. त्याने शेवटचा फोन बाबांना केलेला आहे, त्या दिवशी, त्याच वेळी. बोलणं झालेलं दिसतं.

हे मला म्हणाले होते, फोन लागलाच नाही. काल पुन्हा विचारलं, तर म्हणाले, तुला ते यंत्र कळत नाही.

तुला यंत्रं कळतात. फोन लागला की नाही? लागला असेल तर माझा मुलगा शेवटचं काय बोलला? त्याने माझं नाव काढलं का? यांच्यापाशी त्याचे शेवटचे शब्द असतील आणि हे मला देत नसतील, तर तो हक्क यांना नाही. नऊ महिने मी वाढवला.

सोमवारी मी कोर्टात जाणार आहे. पहिल्या बाकावर बसणार आहे. त्या माणसाला आत जाताना बघायचं आहे मला, मगच जेवेन. दवाखान्यात त्याला जे बोलले त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. त्याच्या बायकोने मागून येऊन मला पाण्याचा पेला दिला, तो मी ओतून टाकला.

उत्तर मला पाठव. यांच्या हाती नको.

काकू

◆

४ डिसेंबर

काका,

तुमचं पत्र जाळलेलं नाही. कोणाला दाखवलेलंही नाही. दाखवणार नाही असं मी लिहीत नाही.

तुम्ही विचारलंत, तो वाचला असता का. हो.

पाणी पडण्याआधी बोगद्याच्या त्या भागात जेवढा वायू होता त्याने डोकं दुखलं असतं, कदाचित उलटी झाली असती. शवविच्छेदनाचा अहवाल मी वाचला आहे. आधी काहीही 'गेलेलं' नव्हतं. बोगद्याचं तोंड जवळ होतं. पळायचीही गरज नव्हती. ट्रकवाला चालत गेला, हाताला पट्टी बांधलेला, लंगडत. तो जिवंत आहे आणि कामावर रुजू झाला आहे. तुम्ही 'मला माहीत नाही, तिथून हल' एवढं म्हणाला असता तरी पुरलं असतं. दादाने तुम्हाला विचारलं होतं. त्याला शंका आली होती. तुम्ही ती मिटवलीत.

परिचारिकाही वाचली असती. तुमच्या तिन्ही पत्रांत ती 'ती बाई' म्हणून एकदाच आली आहे, तीही दादाला चांगलं दाखवायला. ती रात्रपाळी संपवून घरी चालली होती. थांबायचं तिला काही कारण नव्हतं. तिच्या घरी मी काल जाऊन आले. तिच्या वडिलांनी मला बसायला सांगितलं आणि दादाबद्दल शोक व्यक्त केला. त्यांनीही पेपर वाचला आहे. माझ्या मुलीसोबत शेवटी एक चांगला माणूस होता, असं ते म्हणाले. मी ते खोडलं नाही. तो चांगला होता, हे खोटं नाही.

दादा माझाही होता. हे मी आधी लिहिलं नाही, कारण तुम्ही त्यावरून माझ्याकडे सूट मागितली असती.

एक घर जळालं, दुसरं कशाला, असं तुम्ही म्हणता. दुसरं घर मामांचं आहे. ते तुम्ही पेटवताय, आणि बसून खाईल म्हणताय. त्या माणसाने पाप हाताला नको म्हणून पाटीला हात लावला नाही. आता तुमचं सगळं पाप तो दोन्ही हातांनी घेतो आहे आणि तुम्ही त्याच्या उशाशी बसून धरायला मदत करताय.

माझा अहवाल शनिवारी जाईल. त्यात बिजागरी असेल, बोगद्याची बंदी असेल, चित्रणात दिसणारा फोन असेल. फोनवर काय बोलणं झालं ते नसेल, कारण ते तुम्हीच शपथेवर सांगायला हवं. सोमवारी मामा उभे राहण्याआधी तुम्ही पोलिसांकडे जाऊन जबाब बदला. तुम्ही गेला नाहीत तर तुमच्या हस्ताक्षरातलं पत्र घेऊन मी जाईन. ते मला करायला लावू नका, असं मी म्हणत नाही. मला त्याचं काही वाटणार नाही.

आता दुसरी गोष्ट. काकूने मला पत्र लिहिलं आहे. दादाच्या फोनमध्ये तिला तुमच्याशी झालेलं बोलणं सापडलं. तो शेवटचं काय बोलला, असं तिने विचारलं आहे. तुम्ही तिला फोन लागला नाही म्हणून सांगितलंत, हेही लिहिलं आहे. त्याने तिचं नाव काढलं का, असंही विचारलं आहे. याचं उत्तर तुमच्याशिवाय कोणाकडे नाही, आणि तुमच्या पत्रात ते नाव कुठे आलेलं नाही.

मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. रविवारी संध्याकाळी मी स्वतः घरी येते आहे. तोवर तुम्ही तिला सगळं सांगितलेलं असेल तर मी तिच्याजवळ बसेन. सांगितलेलं नसेल तर मी सांगेन, 'चालतं, मार' यासकट. तिला सोमवारी पहिल्या बाकावर बसू द्यायचं की नाही, आणि बसली तर कोणाकडे बघायला, हे तिचं तिला ठरवता यायला हवं.

काकूला तुम्ही सांगणार की मी सांगू, एवढं रविवारी दुपारपर्यंत लिहून कळवा.

पुतणी